पानाच्या कडेवरून जुनं तापमान

प्रश्न : चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यातल्या एका दगडावर जिभेसारख्या लांबट पानाचा ठसा आहे. अशा पानांवरून जुनं तापमान अंशांत सांगतात, ते कसं? या पानावरून निघेल का?

उत्तर : तापमान काढतात ते पानांच्या कडेवरून. उष्ण जंगलात वड, आंबा, जांभूळ यांच्यासारखी अखंड कडेची पानं जास्त. थंडीकडे जावं तशी दातेरी वाढतात. बेली आणि सिनॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे १९१५ मध्येच मांडलं. पूर्व आशियातल्या जंगलांवरून बसवलेलं समीकरण असं : अखंड कडेच्या जातींचं प्रमाण गुणिले ३०.६, अधिक १.१४. उत्तर येतं वार्षिक सरासरी तापमान, सेल्सियसमध्ये. एका थरात २४ जाती, त्यांतल्या १५ अखंड, म्हणजे प्रमाण ०.६२५ आणि तापमान सुमारे २०.३ अंश.

मोजायच्या त्या जाती, पानं नव्हेत. त्याही फक्त द्विदल सपुष्प झाडाझुडपांच्या; ताड, गवत, नेचे वगळायचे. कड फाटलेलं पान दातेरी भासतं, म्हणून टॉर्चचा झोत तिरका धरून भिंगातून पाहावं : खऱ्या दातात बहुधा शीर गेलेली असते. वरच्या उदाहरणात एकच जात चुकीच्या रकान्यात गेली तर आकडा सव्वा अंशाने हलतो. काहीच चुकलं नाही तरी २४ जातींवर तीनेक अंशांची अनिश्चितता राहतेच. वीसपेक्षा कमी जातींवर आकडा काढूच नये. आणखी एक खोड : पानं टिकतात ती नदी-तळ्याच्या गाळात, आणि पाणथळ काठाच्या झाडांत दातेरी जास्त. त्यामुळे उत्तर खऱ्यापेक्षा थंड येतं.

तुमच्या ठशात मधोमध ठळक शीर आणि दोन्हीकडे शिरांची जाळी असेल, तर ते बहुधा ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाचं पान. हे पर्मियन काळातलं, पंचवीस कोटी वर्षांहून जुनं. सपुष्प झाडं तेव्हा नव्हतीच, म्हणून हे समीकरण इथे लागू नाही. पण त्याची साक्ष वेगळीच आणि मोठी आहे. हेच पान दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात सापडतं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट यांच्या तुकडीने सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत ओढत आणले, त्यांतही ते होतं. हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते याचा हा भक्कम पुरावा. थरांत या पानांचे गच्च गालिचे मिळतात आणि त्याच्या लाकडात ठळक वार्षिक वलयं दिसतात. त्यावरून ही झाडं ठरावीक ऋतूत पानं गाळत असावीत.

ठशावर वॉर्निश लावू नका, बारीक शिरा बुजतात. दगडाचे दोन्ही अर्धे जपा, आणि जागा व थर आजच लिहून ठेवा.