न दिसणाऱ्या पिक्सेलांचा हिशोब

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी आहे. १९२०×१०८० पिक्सेलांचे चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायचे म्हटले, तर गुणाकार सुमारे १२ कोटी ४४ लाख येतो. चित्रांच्या मोजमापांच्या तक्त्यात मात्र याच चित्राचा पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेल, असा दिलेला आहे. मधले २ कोटी ४१ लाख पिक्सेल कुठे जातात?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपला गुणाकार बरोबर आहे, परंतु तो केवळ दिसणाऱ्या पिक्सेलांचा आहे. प्रत्येक ओळीतील १९२० पिक्सेल पाठवून झाले की क्लॉकचे आणखी २८० ठोके चित्राविना जातात : फ्रंट पोर्चचे (सिंकआधीची मोकळी जागा) ८८, आडव्या सिंकचे (नवी ओळ सुरू करण्याची खूण) ४४ आणि बॅक पोर्चचे (सिंकनंतरची मोकळी जागा) १४८. उभ्या दिशेनेही तसेच घडते. १०८० ओळींनंतर याच क्रमाने ४, ५ आणि ३६ अशा एकूण ४५ ओळी रिकाम्या जातात. म्हणून खरा गुणाकार २२००×११२५×६० असा करावा लागतो आणि तो नेमका १४ कोटी ८५ लाख येतो.

ही रिकामी जागा पिक्चर ट्यूबच्या काळापासून चालत आलेली आहे. ट्यूबमधील इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीच्या उजव्या टोकाला पोहोचला की त्याला डाव्या टोकाशी परत आणावे लागे, आणि हे काम करणाऱ्या कॉइलमधील विद्युतप्रवाह क्षणार्धात उलटवता येत नसल्यामुळे तेवढा वेळ झोत विझवून ठेवणे भाग होते. आपल्याकडे दूरदर्शनसाठी वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळत. त्यांपैकी सुमारे ५२ मायक्रोसेकंदच चित्र असे आणि उरलेल्या वेळात ४.७ मायक्रोसेकंदांचा सिंक येई. बॅक पोर्चही निरुद्योगी नव्हता, कारण रंग ओळखण्यासाठी लागणारी संदर्भलहर त्यावरूनच पाठवली जाई.

एलसीडीत असा झोत नाही, तरीही ही मोकळीक पूर्णपणे गेलेली नाही. देवळासमोरच्या नाटकात दोन अंकांच्या मध्ये पडदा पडलेला असतो, पण आत नेपथ्य बदलत असते आणि बाहेर पेटी-तबला ऐकू येत असतो. एचडीएमआयमध्ये आवाजाची माहिती अशीच चित्र थांबलेल्या वेळात पाठवली जाते. केवळ एलसीडीसाठी, पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने कमी मोकळिकीची मोजमापेही ठरवली आहेत. त्यांत हेच चित्र २०८०×११११ मध्ये बसते आणि १३८.५ मेगाहर्ट्झचा क्लॉक पुरतो. म्हणून तक्ता वाचताना दिसणाऱ्या आकड्याआधी एकूण आकडा पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : आमच्या सभागृहातील जुना प्रोजेक्टर व्हीजीए केबलने संगणकाला जोडलेला आहे. चित्र डावीकडे सरकते आणि उजवीकडे काळी पट्टी राहते. ऑटोचे बटण दाबले की कधी सुधारते, तर कधी अधिकच बिघडते. केबल बदलूनही फरक पडला नाही.
– एक वाचक, साखळी

उत्तर : दोष केबलचा नसावा. व्हीजीएच्या तारांमधून तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग आणि आडवा व उभा असे दोन सिंक येतात. पिक्सेल क्लॉक मात्र येत नाही. एका ओळीत किती पिक्सेल आहेत आणि सिंकनंतर किती वेळाने चित्र सुरू होते, हे प्रोजेक्टरला अदमासानेच ठरवावे लागते. त्याने धरलेल्या बॅक पोर्चपेक्षा संगणकाचा बॅक पोर्च लहान असेल, तर प्रोजेक्टर उशिरा वाचू लागतो, त्यामुळे चित्राची डावी कड कापली जाते आणि उजवीकडे काळोख उरतो.

ऑटोचे बटण उजेड कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे पाहून कडा शोधते. कार्यक्रमाची पहिली स्लाइड काळ्या पार्श्वभूमीची असली, तर त्याला खरी कड सापडतच नाही. आपल्याकडचा कधी सुधार, कधी बिघाड बहुधा यामुळेच होत असावा. तेव्हा चारही कडांपर्यंत पांढरे असलेले चित्र आधी पडद्यावर आणावे आणि मगच ते बटण दाबावे.

एवढ्याने भागले नाही, तर संगणकातील मोजमापे बदलता येतात. १०२४×७६८ या चित्राची ६० हर्ट्झसाठीची ठरलेली आडवी मोजमापे (फ्रंट पोर्च, सिंक, बॅक पोर्च) २४, १३६ आणि १६० अशी असून पूर्ण ओळ १३४४ पिक्सेलांची होते. चित्र ८ पिक्सेल उजवीकडे न्यायचे असल्यास फ्रंट पोर्च १६ आणि बॅक पोर्च १६८ करावा. एकातून जेवढे काढले तेवढेच दुसऱ्यात घालावे, नाहीतर ओळीची लांबी बदलते, तिच्याबरोबर वारंवारता बदलते आणि प्रोजेक्टर आपला अदमास पुन्हा नव्याने बांधू लागतो.

प्रश्न : माझ्या ट्यूबच्या मॉनिटरवर आडवी वारंवारता ३० ते ५४ किलोहर्ट्झ आणि उभी ५० ते १२० हर्ट्झ असे छापलेले आहे. १२८०×१०२४ हे चित्र ६० हर्ट्झवर लावले असता ‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश येतो. ६० तर मर्यादेत आहे ना?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : उभी वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती चित्रे, ही मर्यादेत आहे; आडवी, म्हणजे सेकंदाला किती ओळी, ही नाही. या चित्राच्या उभ्या दिशेने एकूण १०६६ ओळी असतात. त्या सेकंदाला ६० वेळा काढायच्या म्हणजे सुमारे ६४ किलोहर्ट्झ होतात. १०२४×७६८ ला ६० हर्ट्झवर ४८.४ किलोहर्ट्झ पुरतात, म्हणून आपण तेच वापरावे. हा संदेश टाळण्यासाठी हाताने मोजमापे भरून मॉनिटरवर जबरदस्ती करू नये. जुन्या, संरक्षण नसलेल्या मॉनिटरमध्ये चुकीच्या आडव्या वारंवारतेमुळे उच्च दाबाचा भाग जळू शकतो.

मोजमापे भरताना सिंकची ध्रुवताही, म्हणजे सिंकचा ठोका धन दिशेने येतो की ऋण, हेही तपासावे. १०२४×७६८ साठी दोन्ही सिंक ऋण असतात, तर ८००×६०० साठी दोन्ही धन. मूळ व्हीजीए मॉनिटर ३५०, ४०० आणि ४८० ओळींची चित्रे ध्रुवतेवरूनच ओळखून त्यांची उंची जुळवत असत. त्यामुळे त्या पिढीच्या मॉनिटरवर ध्रुवता चुकली, तर चित्र स्थिर राहूनही त्याची उंची चुकलेली दिसते.