मुलींसाठीचे तीस लाख आणि पुतण्याचं नाव

प्रश्न : माझं वय ६१. सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. पेन्शन महिना ४५ हजार, खर्च २५ हजारांच्या आत. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर स्वतःचं आहे आणि बँकेत २२ लाखांच्या मुदत ठेवी आहेत. नोकरीत असताना छाप्यात सोडवलेल्या मुली वैद्यकीय तपासणीसाठी आमच्या वॉर्डात येत. त्यातली एक, बंगाली बोलणारी, रात्रभर माझा हात धरून बसली होती. पुढे तिचं काय झालं ते कळलं नाही. तेव्हापासून मनात आहे की मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला मदत करावी. ५ लाख कायम निधीसाठी एकदम द्यावेत की दरमहा ५ हजार? कर कशात जास्त वाचेल? शिवाय बँकेतल्या ओळखीच्या मुलानं सुचवल्यावरून मी मुलींसाठी एक पॉलिसीही घेतली आहे. वर्षाला २ लाख, दहा वर्षं. पंधराव्या वर्षी ३० लाख मिळतील, ते संस्थेला जातील. नॉमिनी म्हणून संस्थेचं नाव चालत नाही म्हणाला, म्हणून यजमानांच्या पुतण्याचं घातलं. तो भला मुलगा आहे. पॉलिसीचे कागद गेल्या आठवड्यात आले.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. विम्याचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. त्यातले आठ-दहा दिवस तेव्हाच गेले होते. तुम्ही विचारलंत ५ लाखांबद्दल आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, २० लाखांची गोष्ट सांगितलीत. म्हणून आधी पॉलिसीकडे वळतो.

पॉलिसीची प्रत तुम्ही जोडली होती, ती पूर्ण वाचली. दहा वर्षं दोन-दोन लाख, म्हणजे २० लाख भरायचे. पंधरा वर्षांनी ३० लाख, तेही तक्त्यातल्या आशादायक रकान्यात. ‘वीसचे तीस, म्हणजे दीडपट’ असं तुम्हाला सांगण्यात आलं. वर्षांचा हिशोब धरला तर हा परतावा जेमतेम ४ टक्के पडतो. हेच दोन लाख दरवर्षी साध्या ७ टक्क्यांनी वाढले असते तर पंधराव्या वर्षी ४१ लाखांच्या आसपास झाले असते. ११ लाखांचा फरक आहे, आणि तुमच्या हिशोबानं तो त्या मुलींचा पैसा आहे.

आता तुमचा महिना पाहू. ४५ हजारांतून २५ हजार खर्च, उरतात २० हजार. वर्षाला २ लाख हप्ता म्हणजे महिन्याला १६-१७ हजार. हातात राहिले तीन-साडेतीन. यातून तुम्ही संस्थेला ५ हजार कुठून देणार होतात? ठेवी मोडून. शिवाय हा हप्ता वयाच्या सत्तरीपर्यंत चालणार. मध्येच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि हप्ता चुकला, तर काय हाती लागेल ते कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. ते तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही.

कर वाचेल म्हणून सांगितलं, तेही खोटं. तुमचं पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून वर्षाचं उत्पन्न ७ लाखांच्या आत-बाहेर आहे. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत तुम्हाला कर शून्य. शून्यातून काय वाचवणार? त्या रचनेत विम्याच्या हप्त्याची वजावट नाही आणि देणगीचीही नाही. जुन्या रचनेत देणगीवर सवलत आहे, पण ती बहुतेक संस्थांसाठी दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. सहा-सात हजार वाचवायला ती रचना पत्करलीत तर एरवी शून्य असलेला कर भरावा लागेल. कराचा विचार तुम्ही डोक्यातून पूर्ण काढून टाका. आणखी एक : पॉलिसीतलं विमा संरक्षण १४ लाखांचं आहे, हप्त्याच्या सातपट. मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम करमुक्त असायला ते किमान दहापट लागतं. म्हणजे शेवटी मिळणारा नफाही करपात्र.

मला सर्वांत जास्त राग आला तो नॉमिनीच्या रकान्याचा. विमा कायद्यात आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तरच ते पैशाचे मालक ठरतात. बाकी कुणीही नॉमिनी असला तरी तो पैसे स्वीकारणारा माणूस असतो, मालक नाही. पुतण्या त्यात बसत नाही. पैसे त्याच्या हाती येतील, पण हक्क तुमच्या वारसांचा. तुम्ही इच्छापत्र केलेलं नाही, फोनवर विचारून घेतलं. हिंदू वारसा कायद्याच्या १५व्या कलमाप्रमाणे, मूल नसलेल्या विधवेनं स्वतः कमावलेलं सगळं, इच्छापत्र नसेल तर, आधी तिच्या पतीच्या वारसांकडे जातं. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात हेच कायम केलं. तुमच्या पगारातले, रात्रपाळ्या करून जमवलेले २२ लाख आज सासरच्या भावंडांत वाटले जातील. संस्थेचं नाव कुठेही नाही, कुणाच्या कागदावर नाही. तुमचा पुतण्या भला असेलच. पण त्यानं स्वतःच्या मनानं बाकीच्या वारसांचा वाटा संस्थेला द्यायचा ठरवला, तरी त्याला तो अधिकारच नाही.

पंधरा वर्षांचा विचारही एकदा करा. आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा तीस वर्षांची असेल. ज्या मुलीसाठी तुम्ही हे करताय तिला पैसा या महिन्यात लागतो.

फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहितो, कारण अशा पॉलिसी घेतलेल्या इतरही वाचक असतील. साध्या कागदावर अर्ज करायचा : पॉलिसी मान्य नाही, मूळ कागद परत करत आहे, पैसे अमुक खात्यात जमा करा. शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. शक्य असेल तर कंपनीला ईमेलही करायचा. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा किरकोळ खर्च वजा होऊन बाकी पैसे परत येतात. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे. आपल्याकडे पुणे आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, वकील लागत नाही, फी नाही. ‘मावशी, वर्षभर तरी राहू द्या’ म्हणून तो मुलगा घरी येईल. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरच विकणाऱ्याची सगळ्यात मोठी कमाई असते. चहा द्या, पण सही देऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. एकदम ५ लाख की दरमहा? कायम निधीचं मुद्दल संस्थेनं जपायचं असतं, खर्च करायचं ते व्याज. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार, महिन्याला तीन हजारांपेक्षा कमी. आणि ५ लाख तुमच्या हातातून कायमचे गेले. एकट्या राहणाऱ्या, आरोग्यविमा नसलेल्या बाईनं आपल्या ठेवींचा जवळजवळ चौथा हिस्सा असा द्यावा, असं मी म्हणणार नाही.

त्याऐवजी हे ५ लाख तुमच्याच नावानं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं. सध्याचा दर ८.२ टक्के, म्हणजे वर्षाला ४१ हजार, दर तिमाहीला दहा हजारांवर थोडे. हे व्याज संस्थेचं. त्यात पेन्शनमधले महिना ३ हजार घाला. मिळून वर्षाला ७७ हजार होतात. कायम निधीतून निघाले असते त्याच्या दुप्पट, आणि मुद्दल तुमच्या आजारपणासाठी शाबूत. तुमच्यानंतर ते मुद्दल संस्थेला, पण इच्छापत्रानं.

देणगी देताना एक अट मात्र घालू नका : ‘माझा पैसा फक्त मुली सोडवण्यासाठी वापरा.’ देणगीदारांचं बहुतेकांचं मन तिथेच जातं. छापा एका रात्रीत होतो आणि त्याची बातमी होते. तुमच्या वॉर्डात ती मुलगी आली ती त्या रात्रीची दुसरी सकाळ. खरा खर्च तिथून सुरू होतो. अल्पवयीन असेल तर बालकल्याण समितीसमोर जाणं, सज्ञान असेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर. घरच्यांची चौकशी, कारण अनेकदा घरच्याच कुणीतरी विकलेलं असतं. मग संरक्षणगृह. कायद्याप्रमाणे तिथला मुक्काम एक ते तीन वर्षांचा असू शकतो. खटला उभा राहतो तेव्हा ती दुसऱ्या राज्यात गेलेली असते. तिला साक्षीसाठी आणायचं, सोबत बाई हवी, तिकीट, राहण्याची सोय, आणि तिच्यासोबत कोर्टात बसणारा वकील. आरोपी सुटतात ते बरेचदा साक्षीदार मुलगी आलीच नाही म्हणून.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर मोठे छापे पडले, चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या. त्यात नेपाळच्या मुली मोठ्या संख्येनं होत्या. सोडवल्या, पण पुढे ठेवायचं कुठे याची तयारी नव्हती. सरकारी गृहांत त्या महिनोन्‌महिने अडकून राहिल्या, नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. अखेर नेपाळमधल्या संस्थांनीच पुढे होऊन शंभरावर मुलींना काठमांडूला नेलं. त्यांच्यातल्या काही जणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना सुरू केली. २०१३ मध्ये त्या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामाठीपुऱ्यातून परत गेलेल्या मुली दुसऱ्या मुलींसाठी उभ्या राहिल्या, आणि ते उभं राहणं एका रात्रीच्या छाप्यातून आलेलं नाही.

कामाठीपुऱ्यातच ‘प्रेरणा’ संस्थेनं १९८८ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. आई रात्री धंद्यावर असताना मुलगी खाटेखाली झोपू नये, दलालाच्या नजरेला पडू नये, एवढंच त्यामागचं साधं गणित. हे उदाहरण म्हणून सांगतो, शिफारस म्हणून नव्हे. असं पाळणाघर रोज रात्री उघडावं लागतं. जेवण, बायांचा पगार, औषध. पगाराला पैसा मागितला की देणगीदार विचारतात, ‘प्रशासनावर किती टक्के जातात?’ रात्री दोन वाजता तापलेल्या पोराच्या उशाशी बसणाऱ्या बाईचा पगार हा त्या कामाचाच खर्च आहे. तुम्ही आयुष्यभर रात्रपाळ्या केल्यात, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही.

बाहेरून येणारा पैसाही आटला आहे. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि मोठ्या संस्थेनं आपल्या परदेशी निधीतून छोट्या संस्थेला पैसे देणं बंद झालं. कायद्यासाठी पाठपुरावा करणं, न्यायालयात याचिका लढवणं या कामांना तर देणगी मिळणं फारच अवघड. तस्करीविरोधी विधेयक जुलै २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत आलंच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलं. त्यामागे वर्षानुवर्षं मसुदे लिहिणाऱ्या, खासदारांना भेटणाऱ्या माणसांचा पगार कुणीतरी दिलेला असतो. म्हणून तुमचे महिन्याचे सहा-साडेसहा हजार विनाअट द्या. दर महिन्याला नक्की येणारी छोटी रक्कम संस्थेच्या हिशोबनिसाला मोठ्या पण एकदाच आलेल्या रकमेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

संस्था कोणती, हे तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारतही नाही. पण पहिला हप्ता देण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. लेखापरीक्षण केलेले तीन वर्षांचे हिशोब मागा. महाराष्ट्रातला न्यास असेल तर ते धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करावेच लागतात, त्यामुळे ‘तयार नाहीत’ हे उत्तर चालत नाही. सोडवलेल्या मुलींचं दोन-चार वर्षांनी काय झालं, ते विचारा. स्वेच्छेनं या व्यवसायात असलेल्या सज्ञान स्त्रियांशी संस्था कशी वागते, तेही विचारा. अशा स्त्रियांना छाप्यात त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलं आहे. आणि एखाद्या संस्थेनं देणगी मागताना मुलीचा चेहरा दिसणारा फोटो पाठवला, तर तिथे एक रुपयाही देऊ नका. पीडित मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. जी संस्था पैशासाठी ते करते, तिच्या घरात ती मुलगी सुरक्षित नाही. ‘इतक्या हजारांत एक मुलगी सोडवा’ असा दर लावणाऱ्यांपासूनही लांब राहा. मुलींना किंमत लावण्याचं काम दलाल करतात.

राहिलं इच्छापत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. तुमच्या सहीला दोन साक्षीदार हवेत, ज्यांना इच्छापत्रातून काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, तरी तुम्ही दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, कारण तुमच्या बाबतीत सासरकडून आक्षेप येऊ शकतो. संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि पॅन लिहा. नुसतं ‘मुलींच्या संस्थेला’ लिहून चालणार नाही. घर कुणाला, ठेवी कुणाला, हे वेगळं लिहा. पुतण्याला काही द्यावंसं वाटत असेल तर त्याचा वाटा त्याच्या नावानं स्पष्ट लिहा, आणि एकदा त्याला समोर बसवून सांगाही. इच्छापत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून मात्र दुसऱ्या कुणाला तरी नेमा, तुमच्या एखाद्या निवृत्त सहकारी सिस्टर असतील तर उत्तम. उरलेल्या १७ लाखांतले ६ लाख आजारपणासाठी सहज मोडता येतील अशा ठेवीत ठेवा.

हप्ता परत जमा झाल्याचा संदेश बँकेकडून आला की मला कळवा, मग इच्छापत्राचा मसुदा एकत्र बसून पाहू.