५ चे १० मेगावॉट करताना पॉवर फॅक्टर: आधी मोजायची जागा लेखी घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. ३३ केव्हीवर चालू असलेला ५ मेगावॉटचा सोलर प्लांट, शेजारच्या जमिनीवर आणखी ५, आणि हातात एका ओळीचं पत्र की विस्तारित प्रकल्पाने ०.९५ पॉवर फॅक्टर (एकूण विजेत प्रत्यक्ष कामाच्या विजेचं प्रमाण) राखावा. हे फक्त नव्या ५ ला लागू की सगळ्या १० ला, आणि कपॅसिटर बँक बसवून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. आमचा प्लांट मराठवाड्यातला, आकडेही जवळपास हेच, त्यामुळे जरा लांबण लावतो. मी सल्लागार नाही, वकील तर नाहीच. तुमच्या मंजुरीपत्रातले शब्द माझ्या अनुभवापेक्षा वरचे, हे धरून वाचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नुसत्या कपॅसिटर बँकेने भागणार नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या ग्रिड जोडणी नियमांत २०१३ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून ३३ केव्ही आणि त्यावरच्या नव्या पवन-सौर केंद्रांना ०.९५ लॅग ते ०.९५ लीड (देण्या-घेण्याच्या दोन दिशा) एवढ्या पट्ट्यात रिॲक्टिव्ह पॉवर (स्वतः काम न करणारी, पण व्होल्टेज सांभाळायला लागणारी वीज; माप व्हीएआर, दहा लाखांचा एक एमव्हीएआर) देता-घेता आली पाहिजे, आणि तीही डायनॅमिक, म्हणजे गरजेप्रमाणे सतत बदलती. कपॅसिटर फक्त देतो. घेणं त्याला जमत नाही, आणि देतो तेही टप्प्याटप्प्याने.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझं मत: जोडणी एक आणि मीटर एक असेल तर सगळे १० धरून चाला. मीटरला जुनी वीज आणि नवी वीज वेगळी कळत नाही. तुमचे पहिले ५ या दुरुस्तीच्या आधीचे असतील तर त्यांना सूट मिळते का हे जरूर विचारा, पण लेखी विचारा.

आता ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त बुडवलं ते. कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून तिथेच कामं पडतात. आमच्या पत्रातही तुमच्यासारखंच '०.९५ राखावा' एवढंच होतं. कुठे मोजायचा? इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) टर्मिनलवर, प्लांटच्या ३३ केव्ही ब्रेकरवर, की लाइनच्या पलीकडच्या टोकाला सबस्टेशनमध्ये? एका टेबलावर सांगितलं, इन्व्हर्टरची डेटाशीट जोडा, पुरे. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, बिलाचं मीटर सबस्टेशनात आहे, तिथेच बघणार. तिसऱ्या साहेबांनी आयुष्यभर कारखान्यांचे पॉवर फॅक्टर सुधारलेले. त्यांनी सवयीने कपॅसिटर बँक बसवायला सांगितलं, आणि ती यादीत आल्याशिवाय फाइल पुढे सरकेना. बसवली. पुढे चाचणीच्या वेळी त्याच कार्यालयातून शेरा आला की हे डायनॅमिक नाही, अमान्य. बँक आजही कुंपणापाशी आयसोलेटर उघडून, म्हणजे जोडणी तोडून, उभी आहे आणि तिच्या कर्जाचा हप्ता चालू आहे. कपॅसिटरचा आग्रह तोंडी होता, नकार मात्र लेखी आला. यावर काय बोलणार!

लॅग-लीडचा गोंधळ वेगळाच. कारखान्याच्या भाषेत लॅग म्हणजे ग्रिडकडून व्हीएआर ओढणं, जनरेटरच्या भाषेत लॅग म्हणजे ग्रिडला देणं. ग्राहकांची मीटरं तपासण्यात हयात गेलेला माणूस चाचणीला आला की पाटी उलटी वाचली जाते. म्हणून पत्रव्यवहारात 'लॅग' लिहून थांबू नका, 'आंतरजोडणी बिंदूवर ग्रिडला इतके एमव्हीएआर देणे, ग्रिडकडून इतके घेणे' असं लिहा आणि त्यावर सही घ्या. अमेरिकेत २०१६ मध्ये फर्क या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने पवन-सौर प्लांटना हीच ०.९५ ची अट घातली, तेव्हा ती जनरेटर सबस्टेशनच्या उच्चदाब बाजूला मोजायची हे आदेशातच लिहून टाकलं. आपल्याकडे ती जागा स्थानिक पत्रात स्पष्ट येईपर्यंत एकही खरेदी करू नका.

जागेवर एवढा जोर का, ते गणितात दिसेल. १० मेगावॉटला ०.९५ म्हणजे सुमारे ३.३ एमव्हीएआर. हे सबस्टेशनच्या टोकाला पोचवायचे असतील तर वाटेत इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर आपला वाटा खातो: ६-७ टक्के इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत अडथळा) धरला तर पूर्ण भाराला ०.६ ते ०.७ एमव्हीएआर. ३३ केव्हीची ओव्हरहेड लाइन ८ किलोमीटर असेल तर आणखी पाव-एक. म्हणजे इन्व्हर्टरकडून सुमारे ४.२ निघाले पाहिजेत. म्हणजे तिकडे ०.९५ हवा असेल तर इन्व्हर्टरवर ०.९२ लागतो, आणि १० मेगावॉटसाठी १०.८ एमव्हीए (कामाची आणि रिॲक्टिव्ह दोन्ही धरून) क्षमता. घेण्याच्या बाजूला हेच नुकसान तुमच्या मदतीला येतं, तिकडे इन्व्हर्टरवर अडीचच्या आतच भागतं. त्यामुळे खरी परीक्षा देण्याच्या बाजूची.

आणि तुमचे जुने इन्व्हर्टर, तुम्हीच लिहिलंय तसं, जेवढे केडब्ल्यू (किलोवॉट) तेवढेच केव्हीए (एमव्हीएचा हजारावा भाग) आहेत. भर उन्हात ते पूर्ण चालले की रिॲक्टिव्हसाठी त्यांच्यात काहीच उरत नाही. मग सगळे ४.२ नव्या ५ मेगावॉटच्या माथी, म्हणजे नवे इन्व्हर्टर साडेसहा एमव्हीएचे. तीन वाटा दिसतात: नवे इन्व्हर्टर मोठे घ्या, एसव्हीजी (व्हीएआर सतत कमी-जास्त देणारं-घेणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बसवा, किंवा दुपारच्या शिखराला जुन्यांचे थोडे केडब्ल्यू सोडा. माझा कल तिसऱ्याकडे. ५ एमव्हीएचा इन्व्हर्टर ०.९५ वर चालवला तर ४.७५ मेगावॉट मिळतात. वर्षातून असे तास किती येतात आणि तेवढा वेळ ग्रिड खरंच पूर्ण व्हीएआर मागते का, हे तुमच्या स्काडा (प्लांटवर नजर ठेवणारी संगणक यंत्रणा) नोंदींवरून काढा. बहुतेक ठिकाणी एसव्हीजीच्या व्याजापेक्षा ही वीज स्वस्त पडेल. विक्रेता अर्थातच उलटं सांगेल.

डेटाशीटमधला केव्हीएचा आकडा कोणत्या तापमानाचा आहे तेही बघा. पहिल्या पानावरचा मोठा आकडा बऱ्याचदा ३५ किंवा ४० अंशांचा असतो, ५० अंशांचा आत कुठेतरी आलेखात लपलेला. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना इन्व्हर्टरच्या खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

व्होल्टेजचं विसरू नका. कागदावर क्षमता असली तरी दुपारी सबस्टेशनची बस (सगळ्या लाइन जिथे जोडतात ती मुख्य पट्टी) आधीच ३४.५ केव्हीवर असेल, तर व्हीएआर द्यायला लागलात की व्होल्टेज आणखी चढतं आणि इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतात. चाचणी नापास, दोष तुमचा. शेतीपंप दिवसा चालतात त्या फीडरवर रब्बीत आणि पावसाळ्यात चित्र वेगळं असतं, म्हणून बसच्या व्होल्टेजची वर्षभराची नोंद मागून घ्या. ट्रान्सफॉर्मरचे टॅप (व्होल्टेज जुळवायचे टप्पे) ऑफ-सर्किट असतात, ते बदलायचे तर प्लांट बंद करूनच, तेव्हा विस्ताराच्या शटडाउनमध्येच हे उरकून घ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये चाचणीची तारीख स्वीकारू नका. ढगात पूर्ण भार येत नाही, आणि कमी भारावर दाखवलेला पॉवर फॅक्टर कुणी मान्य करत नाही.

जुने-नवे इन्व्हर्टर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर प्लांट कंट्रोलर (सगळ्या इन्व्हर्टरना आदेश देणारी यंत्रणा) एकच ठेवा. दोन कंट्रोलर एकाच मीटरकडे बघून स्वतंत्रपणे व्हीएआर ठरवायला लागले की एका जुवाला जुंपलेले दोन अडेल बैल होतात: एक देतोय, दुसरा तेच गिळतोय, आणि मीटरचा काटा डोलत राहतो. नव्या कंत्राटदाराकडून 'जुन्या इन्व्हर्टरशी मॉडबसवर संवाद आणि एकत्रित नियंत्रण' हे वाक्य करारात घाला. नाहीतर तो स्वतःचे ५ दाखवून, बिल घेऊन मोकळा होतो.

रात्रीचंही एकदा तपासा. उत्पादन शून्य, दिवे आणि पंख्यांपुरती आयात, पण केबलचं चार्जिंग आणि ट्रान्सफॉर्मरचं मॅग्नेटायझिंग चालूच. केडब्ल्यूएच (कामाची युनिटं) नगण्य, केव्हीएआरएच (रिॲक्टिव्हची युनिटं) त्याच्या कितीतरी पट. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर (दोन्ही मिळून होणाऱ्या युनिटांवर) आहे आणि त्यात लीडही लॅगइतकाच मोजला जातो. तुमची आयात कोणत्या कलमाखाली येते ते करारात पाहा. काही इन्व्हर्टरना रात्री व्हीएआर सांभाळायची सोय असते, पण ती वेगळे पैसे भरून उघडावी लागते. ऑर्डर देतानाच मागितली तर घासाघीस करता येते.

अजून एक, विषयाबाहेरचं. ५ मेगावॉटला ३३ केव्हीवर ८७-८८ अँपिअर येतात, म्हणून तुमच्या मीटरिंगच्या सीटी (मीटरसाठी प्रवाह कमी करून देणारे करंट ट्रान्सफॉर्मर) बहुधा १००/१ असतील. १० ला, व्हीएआर धरून, १८४ च्या आसपास जाल. सीटी बदलणं, त्यांची तपासणी, सील, रिले सेटिंग या सगळ्याला वेळ लागतो, आणि ते काम पुन्हा त्याच टेबलांवरून जातं. अर्ज आजच टाका.

ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स, लाइनची लांबी आणि जुन्या इन्व्हर्टरचा ५० अंशांचा केव्हीए इथे टाकलात तर तुमच्या आकड्यांवर गणित करून देतो. पत्राचा फोटोही टाका, फक्त नाव आणि जावक क्रमांक झाकून.