मीठ-पाण्यातून जागेवरच हायपोक्लोरस आम्ल (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) बनवणारं यंत्र अमेरिकेत विकायला ईपीए, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, नोंदणी लागते का?

नुसतं यंत्र विकणार असाल तर नाही लागत. फिफ्रा या कीटकनाशकं-जंतुनाशकांच्या अमेरिकी कायद्यात ते 'उपकरण' या वर्गात मोडतं. पण म्हणजे मोकळं रान नाही: ते जिथे बनतं त्या कारखान्याला ईपीएकडून आस्थापना क्रमांक घ्यावा लागतो, तो लेबलवर छापावा लागतो, उत्पादनाचा अहवाल दरवर्षी १ मार्चपर्यंत द्यावा लागतो आणि आयात असेल तर माल पोचण्याआधी सूचना द्यावी लागते. गाडी अडते ती जाहिरातीत. आस्थापना क्रमांक दाखवून 'ईपीए मान्यताप्राप्त' म्हणणं दिशाभूल ठरतं, कारण उपकरणाची परिणामकारकता ईपीए विक्रीपूर्वी तपासतच नाही. म्हणून '९९.९ टक्के जंतू मरतात' लिहायचं तर त्याला चाचणीचा पुरावा हाताशी हवा, तोही तुमच्याच यंत्रातून निघालेल्या द्रावणाचा, त्याच पीएच आणि क्लोरीनच्या प्रमाणावर घेतलेला. पीएच ७.५ च्या आसपास गेला की जवळपास निम्मं आम्ल कमी प्रभावी हायपोक्लोराइट होतं.

मात्र तयार द्रावण बाटलीत भरून विकलं, किंवा यंत्रासोबत निर्जंतुकीकरणाचा दावा करणाऱ्या मिठाच्या गोळ्या दिल्या, तर पूर्ण नोंदणी लागते. शिवाय काही राज्यं उपकरणांचीही वेगळी नोंदणी मागतात.