आधी एक सर्किट मुळापासून सोडव

इलेक्ट्रिकल पॉवर शिकायला घेतलंस, तरी लोड फ्लो (मोठ्या नेटवर्कमध्ये वीज कुठून किती वाहते याचं गणित) आणि पर-युनिट (आकडे एका ठरलेल्या बेसच्या प्रमाणात मांडायची पद्धत) कुठे पळून जात नाहीत. आधी एकच सॉकेट सर्किट घे. समज, त्यावर बी कर्व्हची १६ अँपिअरची एमसीबी आहे, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा (सर्किट तोडणारा) स्विच. (किती पट करंटला ती झटक्यात पडते, ते कर्व्ह सांगतो.) फॉल्टला, म्हणजे फेज अर्थला टेकली की, ती झटक्यात पडेलच याची खात्री हवी, तर पाचपट, म्हणजे ८० अँपिअर करंट वाहायला हवा. २३० व्होल्ट भागिले ८०, म्हणजे फॉल्ट लूपचा (फॉल्ट करंटच्या पूर्ण वाटेचा) इम्पिडन्स, म्हणजे एकूण विरोध, जास्तीत जास्त २.८७ ओहम. त्याच जागी सी कर्व्ह बसवली की दहापट लागतो, मर्यादा थेट निम्मी. केबल लांबली की इम्पिडन्स वाढतो आणि गणित इथेच फसतं. हे एकदा हाताने केलंस की केबल साइज, अर्थिंग, शॉर्ट सर्किट लेव्हल सगळं एकमेकांत गुंतलेलं दिसेल. (सॉफ्टवेअर नंतर. आत्ता कॅल्क्युलेटर पुरे.)

थ्री-फेजमध्ये फेज-न्यूट्रलचे २३० व्होल्ट दोन फेजमध्ये ४०० कसे होतात, तेही फेजर (व्होल्टेज दाखवणारे बाण) काढून दाखवता आलं पाहिजे.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीकडे करंट गळला की सर्किट तोडणारा स्विच) असली तरी निर्धास्त होऊ नकोस. फेज आणि न्यूट्रल एकदम धरले आणि जमिनीकडे करंट गेला नाही, तर तिला काहीच कळत नाही. म्हणून प्रॅक्टिकलला टेस्टर आधी चालू लाइनवर तपास, मग बंद केलेल्या सर्किटवर, आणि परत चालू लाइनवर.