पाकिटामागचा बारकोड आणि उडालेली झोप

"ताई, मी एकटीने साबण बदलला म्हणून युद्ध थांबणार आहे का?" युद्धावर कमावणाऱ्या कंपन्यांच्या मालावर बहिष्कार घालणाऱ्या कितीतरी जणांनी गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला विचारलाय. कुणी चिडून, कुणी रडून. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि युद्ध कोणतं तेही मुद्दाम लिहीत नाही.

ती सव्वीस वर्षांची, इंदिरानगरला राहणारी, अंबडच्या एका कारखान्यात हिशेब बघणारी. झोप लागत नाही म्हणून आली. माझी समुपदेशनाची खोली नाशिकरोडला आहे. वारा त्या बाजूचा असला की देवळालीच्या तोफखान्याचा सराव इथे ऐकू येतो. त्या दिवशी लांबवर 'धाड' असा आवाज झाला आणि तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मग पिशवीतून किराणा मालाची लांबट वही काढून माझ्यासमोर ठेवली.

वहीत दीडेकशे वस्तूंची नावं होती. टूथपेस्ट, बिस्किटं, मॅगीपासून मुंग्यांच्या खडूपर्यंत. प्रत्येकापुढे लाल किंवा हिरवी खूण: लाल म्हणजे सोडायचं, हिरवी म्हणजे चालेल. रात्री मोबाइलवर ढिगाऱ्याखालून काढलेली मुलं बघायची आणि सकाळी वहीत दोन नावं वाढवायची. दुकानात प्रत्येक पाकीट उलटं करून बारकोडचे पहिले तीन आकडे तपासायची. अर्ध्या तासाच्या किराण्याला दोन तास लागायला लागले. तिथवरही घरच्यांनी चालवून घेतलं. पण भाचीच्या वाढदिवसाला तिने त्या पाच वर्षांच्या पोरीच्या हातातलं चॉकलेट काढून घेतलं. पोर भेदरून रडली. तेव्हापासून दादा बोलत नाही. आणि वडील, जे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले, ते जेवताना म्हणाले, "लढाऊ विमानांच्या पगारावर शिकलीस. ते शिक्षण परत करणार का?"

या वाक्याने ती मोडली होती.

"इतकं मनाला लावून घेऊ नकोस" असं मी तिला म्हटलं नाही. दुसऱ्याच्या लेकरासाठी जीव तुटणं हा काही आजार नव्हे. आधी झोपेचं बघितलं: रात्री नऊनंतर मोबाइल आईकडे, बातम्या दिवसातून एकदा, त्याही वाचायच्या, व्हिडिओ नाही. बारकोडचा गैरसमजही तेव्हाच काढला. ते पहिले आकडे कंपनीने कोड कुठल्या देशात नोंदवला एवढंच सांगतात, भारतातल्या नोंदणीचे ८९०. माल कुठे बनला आणि पैसा कुठे जातो हे त्यातून कळत नाही. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. "म्हणजे एवढे दिवस…"

पुढच्या भेटीत मी एकच विचारलं. "तू यांचा माल सोडलास हे कंपनीला माहीत आहे? दुकानदाराला?"

"नाही."

"मग हे व्रत झालं. बहिष्कार अजून सुरूच झालेला नाही."

माझ्या मते या अस्वस्थतेचं मूळ इथेच असतं. आपण बहिष्काराचं सोवळं करून टाकतो. हाताला विटाळ नको, घरात डाग नको. पण आजच्या बाजारात पूर्ण सोवळ्यात कुणालाच राहता येत नाही, आणि मग प्रत्येक पाकीट अपराधासारखं टोचतं. बहिष्कार समोरच्यावर दाब आणायला असतो. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत गिरणी कामगार बाबू गेनू विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि त्यात त्याचा जीव गेला. तो घरात बसून कापड निवडत नव्हता. रस्त्यावर, सगळ्यांदेखत उभा होता.

तिचं आजोळ निफाडचं, मामाची द्राक्षबाग. म्हणून तिला कॅलिफोर्नियातल्या डेलानोची गोष्ट सांगितली. १९६५ मध्ये तिथल्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांनी संप केला. पुढे शहरांतल्या ग्राहकांनी द्राक्षं घेणं सोडलं, आणि १९७० मध्ये बागमालकांनी करारावर सह्या केल्या. "फक्त द्राक्षं?" तिने विचारलं. हो, एकच फळ. मागणीही स्पष्ट.

"पण ते मजुरीचं झालं. युद्धाचं काय?"

तिला खोटा दिलासा द्यायचा नव्हता. व्हिएतनाम युद्धात नापाम, म्हणजे बॉम्बमधलं जाळणारं रसायन, पुरवणाऱ्या डाऊ केमिकलविरुद्ध अमेरिकेतले विद्यार्थी उभे राहिले, लोकांनी त्याच कंपनीचं अन्न गुंडाळायचं प्लास्टिक घेणं बंद केलं. १९६९ मध्ये ते कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं. युद्ध मात्र १९७५ पर्यंत चाललं. बहिष्काराने तोफ बंद पडत नाही. तोफेवर कमावणाऱ्याला चारचौघांत जाब द्यावा लागतो, आणि तो जाब द्यायला लावणारी माणसं जितकी जास्त, तितका त्याला तो धंदा महाग पडतो.

एका बाबतीत मी तिला स्पष्ट अडवलं. तिच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या यादीत गल्लीतलं एक दुकान होतं, आणि कारण होतं मालकाचा धर्म. तिने स्वतःही एका मैत्रिणीकडे जाणं सोडलं होतं, कारण त्या घरात 'लाल' खुणेचा चहा होता. आपल्याकडे बहिष्कार या शब्दाला वाळीत टाकण्याची जुनी जखम आहे. याच नाशकात १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दारात माणसांना सत्याग्रह करावा लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. माल सोडायचा, माणूस नाही. ती त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडे गेली.

मग वहीतून दोनच वस्तू उरल्या, ज्यांच्या कंपनीचा युद्धाशी असलेला संबंध तिने स्वतः वाचून पडताळला होता. दुकानदाराला तिने आधीच सांगितलं, "काका, पुढच्या ऑर्डरला हे माझ्यासाठी भरू नका, आणि का ते ऐका." भरून ठेवलेल्या मालाचा फटका त्यांना कशाला? काकांनी सेल्समन आल्यावर ते त्याच्या कानावर घातलं. कॉलनीतल्या सात बायका तिच्यासोबत आल्या. भाचीची तिने माफी मागितली. दादा अजून घुश्शातच आहे.

कंपनीला लिहिलेलं पत्र तिने धीर करून वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन पानांच्या चार ओळी केल्या. "मागणी पहिल्या ओळीत. रडगाणं कुणी वाचत नाही."

परवा ती वही न घेता आली. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. वडिलांनी विचारलं म्हणे, "स्मरणपत्र लावलंस का?"