रिटेल धंद्यांचं उद्योगप्रकारानुसार वर्गीकरण कसं करतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "पडद्यांचं कापड विकतो, मागच्या खोलीत शिवूनही देतो. अर्जात रिटेल टाकू की मॅन्युफॅक्चरिंग?" बिनदिक्कत रिटेल टाका. मशीन दिसलं की मॅन्युफॅक्चरिंग, या समजुतीपायी आमचं अख्खं वर्ष वाया गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं चष्म्यांचं दुकान. मी आणि थोरला भाऊ, दोघांनी मिळून उभं केलेलं. पुढे काउंटर आणि फ्रेमची कपाटं, मागे काचा घासायचं मशीन. गिऱ्हाइकाचा नंबर कळला की त्या नंबरची तयार गोल काच मागवायची, फ्रेमच्या मापाने तिच्या कडा घासायच्या आणि खोबणीत बसवायची. मशीनवर पाणी सतत सुरू असतं, खाली पांढरट गाळ साचतो. शेवटचा केसभर भाग हातानेच उतरवावा लागतो. जास्त गेला तर काच फ्रेममध्ये खुळखुळते, कमी गेला तर स्क्रू आवळताना कडेचा टवका उडतो. हे काम दादाचं. त्याच्या हातची काच सैल आहे म्हणून कुणी परत आलेलं मला आठवत नाही.

दुकान वाढवायला कर्ज काढायचं ठरलं तेव्हा दादा हट्टाला पेटला. "आपण वस्तू घडवतो. दुकानदार कशाला लिहितोस? उत्पादक लिही." त्याने आधारही काढून दाखवला. संयुक्त राष्ट्रांचं उद्योगांचं जे वर्गीकरण आहे, आयएसआयसी, त्याच्या २००८च्या चौथ्या आवृत्तीत ३२५० हा उत्पादनाचा वर्ग आहे आणि त्यात नंबरप्रमाणे घासलेली भिंगं नाव घेऊन दिलेली आहेत. मी गप्प बसलो. अर्ज मॅन्युफॅक्चरिंगमध्ये गेला.

पाहणीला माणूस आला. यंत्राची क्षमता किती, रोजचं उत्पादन किती, कच्चा माल कुठे ठेवता, तयार माल कुठे? आमच्याकडे साठा होता तो विकत आणलेल्या फ्रेमचा. विजेचं बिल त्याने दोनदा उलटून पाहिलं. अर्ज परत आला, त्यावर शेरा: 'दाखवलेला व्यवसाय जागेवर आढळला नाही.' इतक्या वर्षांच्या मेहनतीवर हे वाक्य! नवा अर्ज केला तर आधीच्या शेऱ्याचा खुलासा मागितला, खुलाशावर पुन्हा शंका काढली, आणि असं करत वर्ष संपलं.

त्या वर्षात मी रात्री बिलबुकं घेऊन बसायचो. वहीत चार रकाने आखले: फ्रेम, काच, फिटिंग, दुरुस्ती. फिटिंगचा रकाना जवळजवळ कोराच राहिला, कारण घासाईची मजुरी आम्ही कधी वेगळी लावलीच नव्हती. चष्मा घेतला की घासाई त्यातच. आम्ही स्वतःच ती विक्रीचा भाग धरून चाललो होतो आणि अर्जात मात्र तिच्यावर सगळा धंदा उभा केला होता.

आता आयएसआयसीच्या नियमाचं. वर्गीकरण ठरतं मुख्य कामावरून, आणि मुख्य काम ठरतं मूल्यवर्धनावरून, म्हणजे विक्रीतून बाहेरून घेतलेल्या मालाचा आणि सेवांचा खर्च वजा जाता जे उरतं त्यावरून. ते काढता येत नसेल तर विक्री, पगार, माणसांची संख्या असे आधार घेतात. हिशेब वरून खाली चालतो: आधी उत्पादन की व्यापार हे ठरवायचं, मग व्यापारात घाऊक की किरकोळ, आणि मग कोणता माल. किरकोळ म्हणजे माल मुळात न बदलता, घरगुती वापरासाठी, थेट लोकांना विकणं. दादा या 'न बदलता'वर बोट ठेवायचा. पण त्याच पुस्तकात किरकोळ विक्रीच्या ४७७३ या वर्गात चष्मेवाल्यांचं काम स्वतंत्र नोंदवलेलं आहे. उत्तर अमेरिकेचं उद्योगांचं वर्गीकरण आहे, एनएआयसीएस, त्यात तर जागेवर काचा घासून चष्मे विकणारं दुकान रिटेलमध्येच येतं असं स्पष्ट म्हटलंय. हे दाखवलं तेव्हा दादा म्हणाला, "ते त्यांचं असेल."

मग त्याला कार्डाच्या मशीनचा कोड सापडला. कार्ड कंपन्यांच्या यादीत चष्म्याच्या दुकानाचा कोड ८०४३, आणि ८०ची ती रांग डॉक्टर, दंतवैद्य, हॉस्पिटल यांची. "बघ, दुकानदार नाहीच आपण!" ती यादी पैसे कुठे खर्च झाले हे ओळखायला केलेली आहे, कर्जाच्या अर्जाशी तिचा काही संबंध नाही. शिवाय याद्या स्वतःही बदलत राहतात. अमेरिकेच्या जुन्या एसआयसी या वर्गीकरणात खानावळीसुद्धा रिटेलमध्ये होत्या, १९९७च्या एनएआयसीएसने त्या काढून निवासाबरोबर वेगळ्या गटात टाकल्या. शेअर बाजारासाठी कंपन्यांचं वर्गीकरण करतात त्या जीआयसीएसने २०२३मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीला ऐच्छिक खर्चाच्या क्षेत्रातून उचलून जीवनावश्यक वस्तूंच्या क्षेत्रात नेलं. दुकानं होती तशीच होती. म्हणून तुमचा अर्ज कोणती यादी मागतो हे आधी बघा.

आयएसआयसीच्या चौथ्या आवृत्तीत रिटेल म्हणजे विभाग ४७. ४७१मध्ये सगळा माल एकत्र विकणारे, ४७२ ते ४७७मध्ये एकेका मालाची दुकानं (पेट्रोलपंप ४७३), ४७८ बाजारातले ठेले, ४७९मध्ये ऑनलाइन आणि दारोदार विक्री. वाहनांची विक्री यात नव्हती, ती ४५मध्ये. पाचव्या आवृत्तीत ४५ मोडीत निघाला, आणि दुकानातून विकता की ऑनलाइन हा भेदही गेला. २०२२च्या एनएआयसीएसनेही तो काढून टाकला. मला हे पटतं. आमचेच चष्मे फोनवरून मागवले तर धंदा बदलतो का?

तुमच्या पडद्यांबद्दल: तयार पडद्यांची विक्री ४७५३मध्ये येते, नुसतं कापड ४७५१मध्ये. ज्याचं मूल्यवर्धन जास्त तो कोड घ्या. शिलाईचा आकार बिलात वेगळा लावत असाल तर आजपासूनच त्याची नोंद वेगळी ठेवा.

दुकानदार लिहायची लाज मात्र बाळगू नका. दादाचा मुद्दा शेवटपर्यंत कोडचा नव्हताच. दुकानदार म्हटलं की हातातली कला कुणाला दिसत नाही, असं त्याला वाटायचं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. समोर बसलेल्या माणसाचं नाक, कान, नजर बघून काच बसवणं हीच आमची दुकानदारी होती. कारखान्यातल्या माणसाला ज्याच्या डोळ्यांवर चष्मा चढणार तो दिसतसुद्धा नाही.

दोन गोष्टी राहिल्या. प्रत्येक देशाची स्वतःची यादी असते, अंक थोडे वेगळे असू शकतात आणि जुनी आवृत्तीही चालू असू शकते, तेव्हा वरचे कोड जसेच्या तसे उतरवू नका. आणि तुम्ही इतर दुकानांसाठीही पडदे शिवून देत असाल, आणि त्यातूनच जास्त उरत असेल, तर माझं वरचं उत्तर चुकीचं ठरतं. मग तुमचा वर्ग उत्पादनातला, १३९२. आमच्याकडेही दुसऱ्या दुकानांच्या काचा घासायला आल्या असत्या तर दादाचा ३२५० बरोबर ठरला असता. त्या आणायला तो तयार होता, नको म्हणणारा मी होतो.